नरहरीच्या वाडीत गेला की आऊट

ड्युनेडिन, न्यूझीलंड
१७ ऑगस्ट २०२५

ती. नरहरी आजोबांस,

साष्टांग नमस्कार. तो उभ्यानेच घालतोय, कारण इथे ऐन हिवाळा आहे, जमिनीवर आडवा झालो तर गोठून चिकटेन आणि थेट उन्हाळ्यातच सुटेन.

मी हर्षित. कमलेशचा मोठा. तुमच्या कुंपणाच्या तारेवर दर महिन्याला एक शर्ट फाडून घेणारा. ओळख पटली असेल. फोनच केला असता, पण मागच्या वेळी मी बोलत होतो आणि तुम्ही फोन उलटा धरून "हा पोरगा मुका झाला" असं अख्ख्या गल्लीला जाहीर केलंत. म्हणून पत्र. तुमच्या सुनेच्या, म्हणजे रूपलकाकीच्या ईमेलवर पाठवतोय, ती वाचून दाखवेल.

कामाचं आधी लिहितो. मला परत यायचंय. सुट्टीला नव्हे, कायमचं. फूड सायन्सचा कोर्स दोन वर्षांचा आहे हे मला माहीत आहे. डिसेंबरात बॅग भरणार आणि बोईसर गाठणार.

हे बाबांना सांगायची माझ्यात हिंमत नाही. माझा व्हिसा आला तेव्हा त्यांनी कंपनीच्या शिफ्ट-बसमध्ये पेढे वाटले, ड्रायव्हरला दोन दिले. आता त्यांना कोण सांगणार? बाबा जगात एकाच माणसाला घाबरतात, ते म्हणजे त्यांचे मामा, म्हणजे तुम्ही. तुमच्याच हातचा मार खाऊन मोठे झालेत. तुम्ही "कमलेश, पोरगा येतोय, गप बस" म्हणालात की ते गप बसतील.

दुसरं कारण म्हणजे, मी निघताना बाकी सगळ्यांनी हार घातले. तुम्ही एकटेच म्हणालात, "हा काय तिकडं टिकत नाय." म्हणजे निदान तुमचा तरी अपेक्षाभंग होणार नाही.

इथे मला कुणी त्रास देत नाही. त्रास द्यायला आधी कुणीतरी बोलावं लागतं. फ्लॅटमध्ये आम्ही चौघं. सकाळी एकेक जण विचारतो, "कसा आहेस?" मी उत्तर जुळवतो तोवर तो दाराबाहेर. घरात जाकीट घालून बसायचं, कारण भिंतीला बुरशी आणि हीटर नावापुरता. कॉलेजात चीज चाखून बघायचं असतं: वास घ्या, चावा, थुंका. आईने मला अन्न थुंकताना बघितलं तर माझं नाव टाकेल. संध्याकाळी अंधार लवकर पडतो. मग मी गोधडी घेऊन आपल्या पाम गावच्या मैदानावरच्या जुन्या टुर्नामेंटचे व्हिडिओ बघत बसतो. त्यात एकदा माझा बॉल तुमच्या चिकूच्या वाडीत जातो, मी आऊट होतो आणि मागे तुमचा आवाज ऐकू येतो. परवा तेवढाच भाग सारखा सारखा लावला. रडलो वगैरे नाही. इथे थंडीने डोळ्यांतून पाणी येतं.

बाबांशी बोला. आणि तोवर हे कुणालाही, अगदी कुणालाही सांगू नका.

तुमचा,
हर्षित

*

पाम
२१ ऑगस्ट २०२५

(हर्षित, मी रूपलकाकी. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून ते सांगणार आणि मी टाइप करणार. जसं बोलतात तसंच लिहिते. शिव्या गाळल्यात, त्यामुळे पत्र निम्मं झालंय.)

हर्षित,

तुझं पत्र ऐकलं. अरे, तुला तिकडं पाठवला तो शिकायला की भिंतीची बुरशी बघायला? कोंबडी अंड्यावर बसते तसा खोलीत बसून राहतोस, मग कोण बोलणार तुझ्याशी? हीटर बोलणार?

मी म्हणालो होतो हा टिकत नाय. तर तू नाय टिकलास. मी खरा ठरलो. आता मी तुझ्या बापाला सांगायचं, त्याचं तोंड बघायचं, आणि तू मात्र विमानात बसून येणार. व्वा रे व्वा.

कमलेशला सांगेन, पण फुकट नाय. अट हाय. डिसेंबरला अजून लई वेळ हाय. तोवर रोज संध्याकाळी खोलीच्या बाहेर पडायचं आणि कायतरी खेळायचं. काय खेळायचं ते तुझं तू बघ. खेळून पण नाय जमलं, तर मी सोता बोईसरला जातो आणि कमलेशला सांगतो. शब्द दिला.

आणि त्या व्हिडिओत माझा आवाज हाय म्हणतोस, तो मी चिंधूवर ओरडत होतो, तुझ्यावर नाय. तुझ्यावर ओरडायचो तो आवाज वेगळा.

नरहरी

(ता.क. "कुणालाही सांगू नका" हे तू शेवटच्या ओळीत का लिहिलंस? आजोबांना ऐकू यावं म्हणून मी ओट्यावर उभी राहून घसा फोडून वाचत होते. कानाचं यंत्र ते घालत नाहीत, त्यात कावळे ओरडतात म्हणे. शेवटच्या ओळीला आले तेव्हा आपल्या वाडीचं काम बघणारा चिंधू चिकूच्या झाडावरून ऐकत होता आणि साखरबाई बोंबलांची टोपली उतरवून खाली बसली होती. तिने "आई गं, बिचारा" म्हणून डोळे पुसले. साखरबाई आपल्याकडून उठली की थेट बोईसरला जाते, तुझ्या आईची गल्ली तिच्या वाटेवरच आहे. मी तिला शपथ घातलीय. पण साखरबाईला शपथ घालणं म्हणजे काय, तुला माहीत आहे.)

*

ड्युनेडिन
७ सप्टेंबर २०२५

ती. आजोबांस,

गेल्या रविवारी आईचा फोन आला. पहिलं वाक्य: "तुला तिथे कुणी मारतं का?" दुसरं वाक्य नव्हतंच, नुसतं रडणं. मी म्हटलं, असं कोण म्हणालं? तर म्हणाली, "साखरबाई." म्हणजे माझं गुपित बोंबलांबरोबर दारोदार फिरलं. मी साफ नाकबूल केलं. मजेत आहे, जाडा झालोय, असं सांगितलं. बाबा फोनवर आले नाहीत, सेकंड शिफ्ट होती म्हणे. रविवारी कुठली सेकंड शिफ्ट?

तर आजोबा, कृपा करून माझी पत्रं ओट्यावर वाचू नका. वाडीत मधोमध जाऊन वाचा.

तुमची अट मी पाळतोय. इथे हिवाळ्यात सगळे रग्बी खेळतात. मी पण गेलो. त्यांनी मला बॉल दिला आणि पळ म्हणाले. मी पळालो. मग एका मुलाने मला बॉलसकट उचललं, चार पावलं चालला आणि अगदी हळूच बाजूला ठेवलं, आपण रस्त्यातलं मांजर ठेवतो तसं. वर विचारलं, "तू ठीक आहेस ना?" त्यापेक्षा आपटलं असतं तर बरं. दुसऱ्या दिवशी मला जिना उतरता येत नव्हता, तरी बसत बसत उतरलो.

तो उचलणारा माझ्याच फ्लॅटमधला निघाला, नाव कॅलम. दीड महिना एका घरात राहून आम्ही पहिल्यांदा बोललो ते मी त्याच्या खांद्यावर असताना. म्हणाला, ऑक्टोबरात क्रिकेट सुरू होतं, हौशी मुलांची टीम आहे, कॅप्टन मीच, ये. मी "बघू" म्हटलं. जाणाऱ्या माणसाने टीममध्ये कशाला शिरायचं?

बाबांना सांगितलंत का?

हर्षित

*

पाम
११ सप्टेंबर २०२५

हर्षित,

वाडीत बसून ऐकलं. डास चावले. तुझ्यामुळे.

कमलेश रविवारी इथं आलेला. आल्या आल्या विचारलं, "मामा, साखरबाई म्हणते ते खरं काय?" मी म्हणालो, साखरबाई शिळं पापलेट ताजं म्हणून विकते, तिचं काय ऐकतोस? पोरगा मजेत हाय. तो जरा वेळ माझ्याकडं बघत राहिला, मग जेवला आणि गेला. म्हणजे मी सांगितलं नाय. उलट खोटं बोललो. तुझ्यासाठी या वयात मी खोटं बोललो, ते पण जेवायच्या आधी.

रग्बी सोड. अंड्याच्या आकाराच्या बॉलमागं शहाणा माणूस धावत नाय. क्रिकेट खेळ. ते निदान तुला येतं. म्हणजे उजवीकडचं येतं. डावीकडं माझी वाडी होती म्हणून तुमी कोणच डावीकडं मारायला शिकला नाय. बॉल वाडीत गेला की मी देत नव्हतो, आणि मी देत नव्हतो म्हणून तुमी पोरांनी नियम केलात: नरहरीच्या वाडीत गेला की आऊट. नियम तुमचा, नाव माझं. चिकूचा बहर तुमच्या बॉलानं झडायचा, तेव्हा कोण येत होतं बघायला? मी केलं ते बरोबरच केलं.

थंडीत बूड गरम ठेव.

नरहरी

(ता.क. शिळ्या पापलेटाचं वाक्य साखरबाईपर्यंत पोचलंय. तेव्हापासून आपल्या घरी मासळी नाही. चिंधू शपथेवर सांगतो की तो नव्हे.)

*

ड्युनेडिन
१९ ऑक्टोबर २०२५

ती. आजोबांस,

दिवाळीच्या शुभेच्छा. इथे सगळं शांत आहे. पहिली आंघोळ उद्या, पण आज सकाळी उठून साबण लावला तीच दिवाळीची म्हणून मोजली.

कळवायचं असं, की मी कालच्या शनिवारी मॅच खेळलो. तुमची अट पूर्ण झाली. सीझन बॉल होता, आपल्या टेनिस बॉलसारखा नाही, लागला तर हाडाचा आवाज येतो. मी आठव्या नंबरला उतरलो. पहिलाच बॉल खेळलो आणि एकदम डोकं दुखायला लागलं, म्हणून मैदान सोडून बाहेर आलो. बॉल कुठे गेला ते नीट बघितलं नाही. सगळे हसत होते, कशाला ते माहीत नाही. नंतर मी खोलीत जाऊन झोपलो.

तर आता झालं. खेळून बघितलं, जमलं नाही. काल रात्रीच दहा डिसेंबरचं तिकीट काढलं. एकेरी. मुंबईपर्यंत विमान, पुढे बोईसर माझं मी गाठेन. कॉलेजला अजून कळवलेलं नाही, परीक्षा झाली की कळवतो.

तुम्ही शब्द दिला होतात. आता बोईसरला जा आणि बाबांना सांगा.

हर्षित

*

पाम
२२ ऑक्टोबर २०२५, पाडवा

(हर्षित, आज टाइप करणं कठीण आहे, कारण आजोबा हसताहेत. तुझं पत्र पूर्ण ऐकलं. मग "परत वाच, मॅचचं तेवढं" म्हणाले. दुसऱ्यांदा वाचलं आणि खुर्चीसकट मागे कलंडले. पाणी पाजलं. आता सांगताहेत.)

हर्ष्या, खोटारड्या,

डोकं दुखतं म्हणून बाहेर पडणाऱ्या माणसाला कोण हसतं? लोक पाणी देतात त्याला. गोळी देतात. आणि आठव्या नंबरचा गडी एका बॉलात डोकं दुखून घेतो? मी तुझं सगळं क्रिकेट कुंपणाच्या आतून बघितलंय. तुला वाटायचं मी झाडामागं बॉल लपवायला बसतो. मी बघायला बसायचो.

सांगू काय झालं? बॉल पायावर आला. तू डावीकडं उचललास. चांगला लागला. बाहेर पडला, झुडपात. आणि तू बॅट काखेत मारून, मान खाली घालून चालू पडलास. आऊट म्हणून! सांग, खोटं हाय का?

अरे गाढवा, माझी वाडी पामला हाय! तिथपर्यंत पसरली असती तर मी इथं डास मारत बसलो असतो काय?

(इथे पुन्हा हसले. चिंधूला हाक मारून सांगितलं. चिंधू हसून झाडावरून घसरला, लागलं नाही. रस्त्याने कंपनीची बस जात होती, ती थांबवून मला सांगायला लावलं. हर्षित, माफ कर, मी रोज त्याच बसने जाते.)

आता नीट ऐक. रूपल, हे नीट लिही, मधे तुझं घालू नको.

अंपायरनं आऊट दिलं होतं? नाय. कोणी कॅच घेतला? नाय. दांड्या उडाल्या? नाय. तूच ठरवलंस आणि तूच निघालास. हे तुझं एकेरी तिकीट पण तसंच हाय. परीक्षेत नापास झालास काय? नाय. कॉलेजनं हाकललं? नाय. कोण मारतं? नाय. जरा एकटं वाटलं की चालू पडला, बॅट काखेत.

मी शब्द दिला ते खरं हाय. पण शब्द होता खेळून जमलं नाय तर. तू खेळलास कुठं? एक बॉल खेळलास, त्यात सिक्स मारलीस आणि पळालास. हे न जमणं नाय, हा गाढवपणा हाय. म्हणून मी कमलेशकडं जाणार नाय. खरोखरचा आऊट हो, मग मी सोता तुला घ्यायला विमानतळावर येतो, धोतर नेसून. तोवर उभा राहा.

नरहरी

*

पाम
१६ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षित,

हे पत्र माझं, रूपलकाकीचं. आजोबांना माहीत नाही. ते वाडीत आहेत, म्हणून आज ओट्यावर बसून सुखाने लिहितेय.

महिना होत आला, तुझं एक अक्षर नाही. राग आला असेल. यायलाच हवा. मी पण त्यांना म्हटलं, दिवाळीच्या दिवशी परदेशातल्या एकट्या पोराला गाढव काय म्हणता? तर म्हणाले, "परदेशात गाढव बदलत नाय." पण त्या दिवसापासून मी कंपनीतून आले की बसमधून पाय खाली टेकायच्या आत विचारतात, "आलं काय?" आधी मला वाटलं विजेचं बिल.

तुला काय वाटतं, ते "टिकत नाय" म्हणाले म्हणजे तू पडावास असं त्यांना वाटत होतं? तू गेलास त्या दिवशी घरी आले ते जेवले नाहीत. म्हणाले पोट जड आहे. पोट बिट काही नव्हतं. संध्याकाळी मैदानाकडे तोंड करून बसले आणि मैदान रिकामं. सगळी पोरं आता शिफ्टला जातात नाहीतर फोन बघतात, रविवारीच काय तो बॉल पडतो.

मागच्या रविवारी पडला. वाडीत. मी स्वतः बघितलं. आजोबा उठले, बॉल उचलला आणि कुंपणावरून परत फेकला. पोरं बघतच राहिली. कुणी बॉलला हातच लावेना. एक तर म्हणाला, "बघा हां, यात काहीतरी असेल." शेवटी आजोबाच ओरडले, "घ्या की, मेल्यांनो!" तेव्हा कुठे खेळ सुरू झाला. ज्याने मारला होता तो तरीही आऊटच.

तू परत ये की नको येऊ, तुझं तू ठरव. कसाही आलास तरी मी जेवायला घालीन. पण गप्प राहू नकोस. शिव्या द्यायच्या असतील तर शिव्या लिही. मी मोठ्याने वाचून दाखवीन, ओट्यावर उभी राहून.

रूपलकाकी

*

ड्युनेडिन
३० नोव्हेंबर २०२५

ती. आजोबांस आणि रूपलकाकीस,

हे पत्र ओट्यावर वाचलं तरी चालेल. साखरबाईला बोलावून घ्या. पापलेटाबद्दल माफी मागा आणि तिला पुढच्या रांगेत बसवा.

आधी कबुली. तुम्ही सांगितलंत ते सगळं खरं आहे, फक्त झुडूप नव्हतं, एका म्हातारीची बाग होती. बॉल कुंपणावरून गेला आणि माझे पाय आपोआप चालू पडले. मी दोरीपर्यंत पोचलो होतो. अंपायर धावत मागे आला, "अरे बाबा, सिक्स आहे ती!" मी म्हणालो, "नाही, आऊट आहे." अंपायरशी भांडून आऊट होणारा मी जगातला पहिलाच असेन. तेव्हा सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत क्रीजवर गेलोच नाही, डोकं दुखतं म्हणून बाहेर बसलो.

तुमचं पाडव्याचं पत्र आलं तेव्हा मला इतका राग आला की चार दिवस तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होतो. कॉलेजच्या रस्त्यावर, चीज थुंकताना, सगळीकडे. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात कॅलमने विचारलं, "कसा आहेस?" आणि नेहमीसारखा निघाला. मी त्याला धरून ठेवलं. म्हटलं, थांब, आज उत्तर ऐकूनच जा. आणि सगळं सांगितलं. वाडी, कुंपण, तुम्ही, नियम, आम्ही तुम्हाला पाठीमागे "थर्ड अंपायर" म्हणायचो ते पण. तो टोस्ट हातात घेऊन तिथेच फरशीवर बसला आणि हसत सुटला. बाकीचे दोघं आवाज ऐकून आले, त्यांना परत पहिल्यापासून सांगितलं. जुलैपासून त्या घरात मी इतकं बोललो नव्हतो. मग त्यांनी मला कागदावर मैदान काढायला लावलं, वाडी कुठे, पीच कुठे. तो कागद आता फ्रिजवर आहे. कॅलम जाता येता त्या वाडीकडे बोट दाखवून म्हणतो, "नॅरहॅरी." तुमचं नाव ड्युनेडिनमध्ये असं उच्चारतात, इलाज नाही.

परीक्षा संपल्या. बऱ्या गेल्या. काल सुट्टीआधीची शेवटची मॅच होती. मला आठव्यावरून सहाव्या नंबरला पाठवलं. तीन-चार बॉल उजवीकडेच ढकलले. मग एक पायावर आला. तो टप्पा पडायच्या आधीच बाहेर बसलेले सगळे एकदम ओरडले, "नॅरहॅरी!"

आजोबा, मी मारला. डावीकडे, सगळा जीव एकवटून. गेला, म्हातारीच्याच बागेत. आणि माझे पाय पुन्हा चालू पडले! दोन पावलं टाकली. मग थांबलो. परत आलो. क्रीजवर बॅट टेकवून उभा राहिलो. खरं सांगतो, तिथे नुसतं उभं राहताना माझे डोळे भरून आले, आणि काल थंडी अजिबात नव्हती. म्हातारीने बॉल परत फेकला. ती तुमच्यासारखी नाही, हसत हसत फेकते, आणि लांब फेकते.

पुढच्याच बॉलला माझ्या दांड्या उडाल्या. हा खरोखरचा आऊट. पण म्हणून धोतर नेसू नका, विमानतळावर येऊ नका. एकेरी तिकीट मी रद्द केलंय. दहा डिसेंबरलाच येतोय, पण जायचं-यायचं दोन्हीकडचं काढून. फेब्रुवारीत परत इकडे.

बाबांना मीच सांगितलं. कायमचा येणार होतो ते, आणि येत नाही ते, दोन्ही एका दमात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साखरबाईने मला ऑगस्टातच सांगितलं होतं. मामांना विचारलं तर त्यांनी तोंडावर खोटं सांगितलं. मामा माझ्याशी कधी खोटं बोलत नाहीत. म्हटलं, बोलताहेत त्याअर्थी काहीतरी करताहेत. मग मी गप बसलो." म्हणजे आजोबा, ज्या माणसाला सांगायची मला एवढी भीती होती, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग फोनवर का येत नव्हतात, असं त्यांना विचारलं, तर म्हणाले, "आलो असतो तर 'ये' म्हणालो असतो."

त्यावर मी काय बोललो ते सांगत नाही. साखरबाई समोर बसली असेल.

आता शेवटचं. पामची टुर्नामेंट सव्वीस जानेवारीला आहे ना? मी खेळणार आहे. आणि आत्ताच सांगून ठेवतो, मला पहिला बॉल जो पडेल, कसाही पडो, तो मी डावीकडे उचलून तुमच्या वाडीत मारणार आहे. बघू काय करता.

तुमचा न टिकणारा,
हर्षित

*

पाम
२ डिसेंबर २०२५

हर्षित,

आऊट.

नरहरी

(ता.क. एवढंच लिहायला सांगितलं आणि उठून गेले. साखरबाई अजून ओट्यावर बसून रडतेय, दोन पापलेटं फुकट देऊन. आणि एक गोष्ट. आज सकाळपासून चिंधू आणि आजोबा मैदानाच्या बाजूचं कुंपण कापत होते. तिथे आता एक फाटक बसलंय, चांगलं माणूस जाईल एवढं. मी विचारलं, हे कुणासाठी? तर म्हणाले, "चिकूंसाठी. त्यांना कधी बाहेर जावंसं वाटलं तर." फाटकाला कडी लावलीय. कुलूप नाही.)